पंधरा दिवसांचं ग्वाल्हेर

१४ जून, रेल्वेत

"जूनमध्ये ग्वाल्हेरला येतेस म्हणजे तुझी कमाल आहे," आत्या फोनवर म्हणाली. "दिवाळीत ये, डिसेंबरात तानसेन समारोहाला ये. आत्ता दुपारी इथे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही."

पण मला जूनच हवा होता, आणि त्यातही हेच दिवस. झाशीची राणी ग्वाल्हेरला पडली ती १८५८ च्या जूनमध्ये. इंग्रजांच्या कागदांत तारीख १७ आहे, ग्वाल्हेरकर १८ मानतात. १ जूनला ग्वाल्हेर पेशव्यांच्या झेंड्याखाली आलं आणि २० जूनला किल्ला इंग्रजांनी परत घेतला. एवढ्या थोड्या दिवसांनी मला शाळेपासून पछाडलं आहे. धडा संपला की बाई पुस्तक मिटायच्या आणि माझ्या डोक्यात पुढचं सुरू व्हायचं. राणी वाचली असती तर? आता चाळिशी उलटली तरी तो प्रश्न सुटलेला नाही, म्हणून यंदा रजा टाकली आणि पुण्याहून झेलम पकडली. स्लीपरचा डबा, भुसावळपर्यंत गर्दी, नंतर झोप.

१५ जून, नर्मदा आणि लष्कर

इटारसी गेल्यावर थोड्या वेळाने रुळांचा आवाज बदलला. पूल! मी वरच्या बर्थवरून घाईघाईने उतरले. नुकतं उजाडलं होतं. नर्मदा उन्हाळ्याने आक्रसलेली, मध्ये वाळूचे लांब पट्टे, कडेला एक नाव. समोरच्या बर्थवरच्या आजींनी खिडकीतून नाणं टाकलं आणि डोळे मिटून हात जोडले.

ही नदी म्हणजे दख्खनचा उंबरठा. तात्या टोप्यांनी तो ओलांडला, पण १८५८ चा ऑक्टोबर संपता संपता. राणीला जाऊन चार महिने होऊन गेले होते. सोबत होते तोफा गमावलेले, पळून पळून दमलेले स्वार. तरीही पेशव्यांचा माणूस नर्मदेच्या दक्षिणेला उतरला या नुसत्या बातमीने मुंबईपासून मद्रासपर्यंत सरकारची झोप उडाली. मग हेच ग्वाल्हेरचा खजिना आणि ताजी फौज घेऊन जूनमध्ये, राणी बरोबर असताना, घडलं असतं तर?

गाडीत बसून मी हिशेब मांडला. ग्वाल्हेर ते हा पूल रेल्वेने साधारण साडेचारशे किलोमीटर. घोडदळाने रोज चाळीस किलोमीटर काटले तर बारा दिवस. राणीला हे अशक्य नव्हतं. झाशीहून निसटल्यावर तिने काल्पीपर्यंतचे दीडशेहून जास्त किलोमीटर एका दिवस-रात्रीत तोडले होते. ४ जूनला ग्वाल्हेर सोडलं असतं तर १६ जूनला ती या काठावर असती, नदीला पूर येण्याआधी. तोफा आणि बैलगाड्या मागे टाकाव्या लागल्या असत्या, हे खरं. पण गाठलं असतं.

दुपारी ग्वाल्हेर. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ तोंडावर आली.

आत्याचं घर लष्करात, एका जुन्या गोठीत. मराठी सरदारांच्या वस्तीला इथे गोठ म्हणतात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली, तिचंच पुढे शहर झालं, म्हणून नाव लष्कर. दोनशे वर्षं झाली तरी गोठीतल्या घरांतून मराठी ऐकू येतं. त्यात हिंदी मिसळलेलं असतं, पण ते मनापासून बोललेलं असतं. दार उघडताच आत्याने कैरीचं पन्हं हातात दिलं आणि मला कूलरसमोर बसवलं. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास, खडखडणारा पंखा, अंधारलेली खोली. बाहेर पंचेचाळीस अंश होतं.

तिथून समोरच देवघराचा कोनाडा दिसतो. टाकांच्या शेजारी एक लोखंडी रिकीब, घोडेस्वाराच्या पायाची कडी, उभी करून ठेवलेली. लहानपणी मी ती पाहिली असणार, पण कधी विचारलं नव्हतं.

"काका, ही कुणाची?" मी आत्याच्या यजमानांना विचारलं.

"आमच्या खापरपणजोबांची. शिलेदार होते. घोडा स्वतःचा, चाकरी महाराजांची." काकांनी ती उचलून माझ्या हातात दिली. अपेक्षेपेक्षा जड. "खंडेनवमीला पूजतो आम्ही. १ जूनला ते मुरारजवळ बहादूरपूरच्या मैदानावर होते, एवढं नक्की."

"कुठल्या बाजूला?"

काका थोडा वेळ बोलले नाहीत. त्या दिवशी जयाजीराव शिंदे फौज आणि तोफा घेऊन तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणीला अडवायला बाहेर पडले होते. समोरासमोर आल्यावर बहुतेक फौज पलीकडे गेली. फक्त खासा पथक, म्हणजे महाराजांचे अंगरक्षक, लढलं. जयाजीराव धोलपूरमार्गे आग्र्याला निघून गेले.

"आमच्या घरात दोन्ही गोष्टी सांगतात," काका म्हणाले. "वडील म्हणायचे, महाराजांबरोबर आग्र्याला गेले. माझी आजी म्हणायची, तात्यांकडे गेले, राणीसाहेबांना पाहिलं, आणि सगळं संपल्यावर रात्रीचे पायी घरी आले. घोडा नाही आला. एवढी एक रिकीब आली."

१६ जून, किल्ल्यावर

पहाटे साडेपाचला निघालो, कारण नऊनंतर वर थांबता येत नाही. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तरी यायचंच म्हणाले. डोक्याला पंचा आणि खिशात कांदा. लू लागू नये म्हणून इकडे खिशात कांदा ठेवतात. आत्याने एक माझ्याही पर्समध्ये टाकला. उरवाई दरवाज्याच्या बाजूने गाडी वर जाते. कातळात कोरलेल्या उंच जैन मूर्ती दोन्ही बाजूंनी बघत असतात. मानमंदिराच्या निळ्या फरशा, तेली का मंदिर, सास-बहू, हे सगळं पाहण्यासारखं आहे आणि त्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मला तटाची पूर्वेकडची कड हवी होती.

तिथून खाली जुनं ग्वाल्हेर, आणि त्यापलीकडे धुरकट पट्ट्यासारखं मुरार. १८५८ मध्ये याच तारखेला, १६ जूनला, इंग्रज सेनापती ह्यू रोज काल्पीहून येऊन तिथे थडकला आणि त्याच दिवशी त्याने मुरारची छावणी घेतली. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना ती धूळ इथून दिसली असणार.

मी काकांना पंधरा दिवसांचा हिशेब सांगितला. १ जूनला हातात काय नव्हतं? हिंदुस्थानातला एक बळकट किल्ला, शिंद्यांचा भरलेला खजिना, तोफखाना, शिकवलेली फौज. आणि समोर? काल्पी पडल्यावर मोहीम संपली असं धरून ह्यू रोजची फौज मोडायला निघाली होती. तो स्वतः आजारी होता, उन्हाने कोंचच्या लढाईत वारंवार कोसळला होता आणि रजेवर मुंबईला जायच्या तयारीत होता. ग्वाल्हेरची बातमी कळली आणि तो पुन्हा उभा राहिला. त्याला इथे पोचेपर्यंत पंधरा दिवस मिळाले, तसे यांनाही मिळाले.

या पंधरा दिवसांत यांनी काय केलं? ३ जूनला फुलबागेत दरबार भरला. रावसाहेबांनी पेशवाईची द्वाही फिरवली, मानाची वस्त्रं वाटली, फौजेचा थकलेला पगार आणि वर बक्षिसी दिली. पगार द्यायलाच हवा होता, त्यात चूक नाही. पण मग जेवणावळी उठत राहिल्या. राणीला हे पसंत नव्हतं, ती फौजेच्या तयारीचा धोशा लावत होती, अशी सांगी मराठी घरांतून आजवर चालत आली आहे.

"मग तिचं ऐकलं का नाही?" मी विचारलं, आणि उत्तर मला विचारतानाच सुचलं. झाशीचे नेवाळकर पेशव्यांचे सुभेदार. रावसाहेब नानासाहेबांचे पुतणे, म्हणजे धन्याच्या घरातले. राणी कितीही लढली तरी त्या दरबारात तिची जागा सुभेदाराच्या विधवेची. मुजऱ्याच्या क्रमात ती खाली. पेशवाईचं पुनरुज्जीवन करायचं तर तिचे मानपानही पुन्हा जिवंत करावे लागले, आणि त्या मानपानांत सगळ्यांत चांगल्या सेनानीला सरसेनापतिपद देण्याची सोयच नव्हती. तिची योग्यता शत्रूला कळली होती. रोजने तिला समोरच्यांमधली सर्वांत शूर आणि उत्तम सेनानी ठरवलं. आपल्या माणसांनी तिला पूर्वेकडची एक बाजू सांभाळायला दिली.

काका बराच वेळ मुरारकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझा प्रश्नच बदलला."

खरंच बदलला. इतकी वर्षं मी "राणी वाचली असती तर" म्हणत होते. वाचली असती तरी सर्वांच्या मागून चालत राहिली असती. "राणीचं ऐकलं असतं तर" असं मी स्वतःशी पहिल्यांदा म्हटलं ते त्या तटावर.

उतरताना काकांनी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. उठाव शमल्यावर इंग्रजांनी झाशी शिंद्यांना दिली आणि ग्वाल्हेरचा किल्ला स्वतःकडे ठेवला. १८८६ मध्ये अदलाबदल झाली. किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत, झाशी इंग्रजांना. "मेरी झाँसी नहीं दूँगी" हे इकडच्या लहान मुलांनाही पाठ असतं. ती झाशी अठ्ठावीस वर्षांत दोनदा हात बदलून गेली.

१७ जून, स्वर्णरेखा

आज मी एकटीच निघाले. काकांना कालचं ऊन बाधलं होतं.

कोटा की सराय शहराच्या आग्नेयेला. ब्रिगेडियर स्मिथची तुकडी या बाजूने आली. टेकड्यांची रांग, मधून रस्ता, आणि पलीकडे फुलबाग. राणी हीच बाजू राखत होती. आठव्या हुसार्स पलटणीच्या स्वारांनी हल्ला चढवला, रेटारेटीत ती जखमी झाली, आणि गोळीचा की तलवारीचा घाव आधी यावर सांगणाऱ्यांची एकवाक्यता नाही. ती पुरुषी स्वाराच्या वेषात होती आणि मारणाऱ्याला आपण कुणाला मारतोय याची कल्पना नव्हती, हे मात्र इंग्रजांनीही लिहिलं आहे.

"दीदी, नाला देखना है?" रिक्षावाल्याला आश्चर्य वाटलं. स्वर्णरेखा! नाव किती सुंदर. घोडा या ओढ्यापाशी अडला, नवखा होता, उडी घेईना, असं प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेलं असतं. आता पात्र दोन्ही बाजूंनी काँक्रीटने बांधलेलं आहे आणि तळाशी काळं पाणी. मी कठड्याला धरून उभी राहिले. कठडा इतका तापलेला की हात ठेवता येईना, म्हणून ओढणी दुमडून खाली घेतली. पात्र फार रुंद नाही. चांगला घोडा सहज ओलांडेल. तिचा नेहमीचा घोडा असता तर, हा "तर" इथे उभं राहिल्यावर घशात अडकतो, बाकी सगळे हिशेब गळून जातात. मी तिथे रडले. लिहायला संकोच वाटत नाही.

तिथून समाधीवर. फुलबागेजवळ, उंच चौथऱ्यावर घोड्यावरची राणी, तलवार उगारलेली, आणि खाली अखंड ज्योत. बलिदान मेळ्याची तयारी चालली होती, मांडवाच्या बल्ल्या ठोकत होते. शाळेत पाठ केलेली कविता ओठांवर आली. ती लिहिणारे भा. रा. तांबे याच ग्वाल्हेरचे राजकवी होते. चौथऱ्याच्या पायरीवर पाचसहा वर्षांची एक मुलगी आपल्या आईला विचारत होती, "घोडे का नाम क्या था?" आई म्हणाली, "पता नहीं बेटा, पानी पी ले."

जवळच गंगादासांची बडी शाळा. जखमी राणीला तिथे आणलं आणि मठातल्या कडब्याच्या गंजीवर तिला घाईने अग्नी दिला, देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून. मठातले साधू त्यासाठी लढले आणि ७४५ जण कामी आले, असं तिथे सांगतात. जुनी शस्त्रं मांडून ठेवली आहेत, एका साधूने ती दाखवली आणि दक्षिणा मागितली नाही.

मनात बसून राहिली ती या जागांमधली जवळीक. ३ जूनचा दरबार फुलबागेतला. चिताही फुलबागेच्या शेजारीच. दोन्हींत फक्त दोन आठवडे.

रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या. काकांना बरं वाटत होतं, आणि ते माझा हिशेब तपासून बसले होते.

"तू तिला १६ जूनला नर्मदेवर नेलंस. ठीक आहे. पण दख्खनमध्ये तिला भेटणार कोण?"

आणि त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. साताऱ्याच्या रंगो बापूजींचा कट १८५७ मध्येच फुटला, त्यांचा मुलगा फासावर गेला. कोल्हापूरची पलटण त्याच साली जुलैअखेर उठली आणि मोडली गेली. नरगुंदचे बाबासाहेब भावे १८५८ च्या मेअखेर उठले, आणि नरगुंद पडलं जूनच्या सुरुवातीला, म्हणजे इकडे ग्वाल्हेर जिंकलं त्याच सुमाराला. १२ जूनला बाबासाहेबांना फाशी झाली. "ती नर्मदेवर पोचली असती त्याच्या चार दिवस आधी."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी माझी बाजू मांडली. नगर-नाशिककडे भागोजी नाईक १८५९ पर्यंत लढत होता, खानदेशात भिल्ल उठलेले होते. आणि मुंबई इलाख्याची फौज तर रोजबरोबर इकडे, मध्य हिंदुस्थानात अडकलेली. पेशव्यांचं नाव आणि राणीचं नेतृत्व एकत्र खाली उतरलं असतं तर राज्य परत आलं असतं असं मी म्हणत नाही. पण लढाई वर्षभर लांबली असती, दख्खनच्या गावोगावच्या माणसाने तिला डोळ्यांनी पाहिलं असतं. १८५७ ही "उत्तरेकडची गोष्ट" असं आपल्याकडे जे म्हटलं जातं, ते म्हणता आलं नसतं.

"आणि शेवट?" काकांनी विचारलं.

तो मला ठाऊक आहे. नोव्हेंबर १८५८ च्या व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यात माफी होती, पण इंग्रजांच्या खुनात हात असलेल्यांना नाही. झाशीतल्या जोखनबागेच्या कत्तलीचा आळ त्यांनी हिच्यावर ठेवलेला. पकडली असती तर फाशीच.

आत्या तोवर झोपली आहे असं वाटत होतं. ती कूस न बदलता म्हणाली, "लहान मूल होतं गं तिच्याबरोबर. तुम्ही तिला इकडून तिकडे पळवताय, त्या पोराचं काय?"

दामोदरराव. आठ-नऊ वर्षांचा. तो जगला. दोन वर्षं रानोमाळ काढून इंग्रजांच्या स्वाधीन झाला, इंदुरात त्यांच्या देखरेखीखाली वाढला आणि १९०६ मध्ये तिथेच गेला. झाशी त्याला परत मिळाली नाही.

१८ जून

जयविलास राजवाडा पाहिला. १८७४ चा, दरबार हॉलची झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, छत पेलेल का हे पाहायला आधी वर हत्ती चढवले म्हणतात. संध्याकाळी मेळ्यात गेलो, अलोट गर्दी, लाऊडस्पीकर, वीररसाच्या कविता. आत्याला धक्के लागायला लागले म्हणून लवकर परतलो.

१९ जून, शिवपुरी

काकांच्या ओळखीच्या टॅक्सीने शिवपुरी. तात्यांना इथे १८ एप्रिल १८५९ ला फाशी दिली. ग्वाल्हेरनंतर दहा महिने हा माणूस राजपुताना, माळवा, नर्मदापार, पुन्हा वर असा धावत राहिला, आणि शेवटी रणात हाती लागला नाही, तर नरवरच्या मानसिंगाने झोपेत पकडून दिला. पुतळ्यापाशी मी हार घातला.

इथे उभं राहून एक जाणवलं. हे दहा महिने म्हणजेच माझ्या "तर"चं अर्धं उत्तर आहे. फौज मोडून, तोफा टाकून, हलकं होऊन लढायचं, हे तात्यांनी जौरा-अलीपूरच्या पराभवानंतर केलं, दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा. तेच ४ जूनला, हातात खजिना असताना केलं असतं तर! आणि दोघं मिळून. तात्या निसटण्यात पटाईत, पण उभ्या लढाईत त्यांची फौज पुन्हा पुन्हा मोडली. झाशीला मदतीला आले तेव्हाही बेतवेवर मोडली. राणीने तटावरून ते पाहिलं आणि तरी शहर लढवलं. एकाचे पाय आणि दुसरीचा जीव, अशी ती जोडी ग्वाल्हेरात जुळता जुळता राहिली.

रावसाहेबही सुटले नाहीत. १८६२ मध्ये त्यांना फाशी झाली. परतीच्या वाटेवर पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही. वाड्याच्या आठवणींवर वाढलेला माणूस, एकदा दरबार भरवायला मिळाला तर भरवणारच.

२० जून

गाडी संध्याकाळची. सकाळी बेडई-भाजी खाल्ली, आत्या दशम्या बांधायला बसली. आजच्याच तारखेला किल्ला पडला. दोन तरुण इंग्रज लेफ्टनंट आणि थोडे शिपाई लोहाराला घेऊन एकामागून एक दरवाजे फोडत वर गेले, त्यांतला एक शेवटच्या झटापटीत मेला. मी गच्चीवरून किल्ल्याकडे पाहिलं. ढग आले होते, पाऊस नव्हता.

काका कोनाड्यापाशी रिकीब घेऊन बसले होते. वाटीत तिळाचं तेल, जुन्या धोतराचा बोळा. मी शेजारी बसले आणि पाऊल त्यात मावेल का ते पाहायला पुढे केलं.

"पाय नको, पूजेतली आहे," काका हळूच म्हणाले. मी मूठ आत घातली. चवड्याखाली येते ती पट्टी एका बाजूने घासून पातळ झालेली होती, कित्येक वर्षं एकाच माणसाचं वजन एकाच बाजूला पडल्यासारखी.

"तुम्हाला काय वाटतं, काका? आग्र्याला, का तात्यांकडे?"

"वडील हयात होते तोवर आग्रा म्हणायचो," ते म्हणाले. बोळ्याने पातळ कड पुसत राहिले. "आता आजीचं खरं मानतो."

तेल पुसून त्यांनी रिकीब टाकांच्या शेजारी परत उभी केली आणि आत्याला दशम्यांबरोबर लोणचं द्यायला सांगितलं.